दगडूनाना आणि तापलेली गिअरपेटी

दगडूनाना भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. समोरच्याच्या हातात किंवा आसपास जे काही यंत्र असेल त्यावर ते उजव्या हाताची पाठ टेकवतात, क्षणभर डोळे मिटतात आणि निदान सांगतात.

मी घोटावड्यात त्यांची वरची खोली भाड्याने मिळते का बघायला गेलो, तेव्हा माझ्या हातात मोबाईल होता. नानांनी त्यावर हात टेकवला.

"तापलाय," ते म्हणाले. "सकाळधरनं बोलत असनार तुमी. इसावा द्या त्याला."

मी मोबाईल खिशात घातला.

"खिशात नगा. तितं आनी तापंल. हितं ओट्यावर ठिवा, सावलीला."

मोबाईल ओट्यावर पालथा पडला, आम्ही दोघे त्याच्या दोन बाजूंना बसलो. तो गार झाला अशी नानांची खात्री पटेपर्यंत खोलीचा विषय निघाला नाही.

नाना मूळचे इथलेच. पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पिरंगुटकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढली. माणूस नदीकाठी राहिला की त्याच्या बोलण्यात पाणी येतं, तसं नानांच्या बोलण्यात ताप आला. कुठलंही यंत्र एकाएकी बंद पडत नाही, आधी त्याला ताप येतो, हा त्यांचा सिद्धांत. "मशीन आदी सांगतं. आपुन ऐकत न्हाई," हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना बाद झालेल्या गड्याला तेच ऐकवत.

या सिद्धांताचे घरावर परिणाम झाले होते. फ्रिज भिंतीपासून इतका पुढे ओढलेला होता की स्वयंपाकघरात तिरकं होऊनच शिरावं लागे. विहिरीवरच्या मोटारीला स्वतःची छत्री होती. मिक्सर जरा गुरगुरला की नाना बटण बंद करून त्याला 'बसवत', त्यामुळे त्या घरात चटणी कायम भरड. माझी स्कूटर फाटकातून आत आली की मी हेल्मेट काढायच्या आत त्यांचा हात इंजिनावर. त्या धगीवरून ते ओळखायचे की आज मी हिंजवडीच्या गर्दीतून आलोय की सूसकडून वळसा घालून. बहुतेक वेळा बरोबर ओळखायचे, आणि चुकले तर मीच खोटं बोलतोय असं धरून चालायचे.

एकदा मी घरून काम करत होतो. साहेबांबरोबर व्हिडिओवर बैठक सुरू होती. दार उघडंच होतं. माझ्या खांद्यावरून एक सुरकुतलेला हात पडद्यावर आला आणि लॅपटॉपच्या कडेला पालथा टेकला.

साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

"घरमालक."

"काय करतायत?"

"ताप बघतायत."

नानांनी सोड्याच्या बाटल्यांची चार बुचं आणून लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली सरकवली आणि जाताना पडद्याकडे बघून सांगितलं, "तुमी बी तुमच्याला बुचं लावा, सायेब."

गंमत अशी, की माणसांच्या तापाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मी एकदा तापाने फणफणलो होतो. नाना वर आले, खाटेजवळ बसले, आणि टेबलफॅनवर हात ठेवून म्हणाले, "ह्याला जरा बंद करतो. कालपास्नं चालू हाय बिचारा."

खाली ओट्यावर हौसाकाकू असत. नानांची बायको. एका लाकडी खुर्चीत त्या बसत आणि डावा पाय समोरच्या स्टुलावर सरळ लांब केलेला असे. मी राहायला येण्याच्या थोडं आधी त्या शेतात बांधावरून घसरल्या होत्या. हाड मोडलं, आत सळई घातली. चालता येऊ लागलं, पण गुडघा काही वाकेना. काठी घेऊन त्या घरातून ओट्यावर आणि ओट्यावरून घरात, एवढंच करत. जीभ मात्र चौफेर फिरत असे.

"ह्यांच्या हाताखाली संसार केलाय मी," त्या मला सांगत. "यवड्या वर्सांत चटनी कदी बारीक खाल्ली न्हाई."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी मोठा ट्रॅक्टर होता म्हणे. मी आलो त्याच सुमारास नानांनी तो विकला. गावात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "क्लच तापत हुता." नानांनी असं म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. तापण्यावरून त्यांनी एकदा चालू घड्याळसुद्धा भिंतीवरून उतरवलं होतं.

शेड बरेच दिवस रिकामी होती. मग एका थंडीत नाना माले या गावाकडच्या कुठल्याशा फार्महाऊसवरून एक छोटा ट्रॅक्टर टेम्पोत घालून घेऊन आले. टेम्पोच्या हौद्यात ते स्वतः ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात टेकवून उभे होते, आजारी वासरू आणावं तसे. फार्महाऊसवाल्यांनी तो हिरवळ कापायला आणि पालापाचोळा ओढायला परदेशी बनावटीचा घेतला होता. पुढे त्यांची हौस फिटली आणि तो ताडपत्रीखाली पडून राहिला.

सगळं गाव बघायला आलं. चाकं गुडघ्याएवढी, बॉनेट रांजणाएवढं. एकाने विचारलं, "नाना, ह्यो मोठा कवा हुनार?"

नाना शांतपणे म्हणाले, "हितलं पानी लागू द्या."

त्या ट्रॅक्टरला ना क्लच होता ना बदलायचे गिअर. उजव्या पायाशी दोन पेडलं. एक दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे, पाय उचलला की जागच्या जागी थांबतो. इंजिन आतलं तेल ढकलतं आणि ते तेल चाकं फिरवतं, असं मला नानांनी सांगितलं. ब्रेक डाव्या पायाला होता. नानांनी दुसऱ्याच दिवशी पिरंगुटवरून वेल्डिंगवाला आणून त्या ब्रेकला एक लोखंडी दांडा जोडून घेतला आणि त्याच्या टोकाला जुन्या स्कूटरची रबरी मूठ बसवली. म्हणजे ब्रेक हाताने ओढायचा. मला वाटलं, नव्या खेळण्याशी नानांचा खेळ चाललाय.

काकूंनी खुर्चीतूनच निकाल दिला, "भंगार आनलंय. मला इचारायचं तरी."

अंगणात तो ट्रॅक्टर झकास चालायचा. पण नानांना अंगण नको होतं. घरामागून एक चढण वरच्या वावरात जाते, दगडगोट्यांची आणि मध्ये एक वळण असलेली. नाना रोज सकाळी ट्रॅक्टर त्या चढणीवर घालायचे. पहिली खेप बरी जायची. दुसऱ्या खेपेला वळणाशी आलं की इंजिन गुरगुरत राहायचं, पेडल तळाला टेकलेलं असायचं, आणि ट्रॅक्टर मात्र रुसल्यासारखा जागेवर. नाना खाली उतरायचे, हात टेकवायचे, आणि त्याच्या शेजारी दगडावर बसून तो गार व्हायची वाट बघायचे.

एकदा तो नुसता थांबला नाही. वळणावर मागे घरंगळला. नानांनी दांडा ओढला तेव्हा कुठे करवंदीच्या जाळीला टेकून उभा राहिला. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. नाना उतरले आणि बराच वेळ काही न करता नुसते त्या चढणीकडे बघत राहिले. घरी आले तेव्हा धोतराला काटे लागले होते. काकूंनी ते एकेक करून काढले आणि विचारलं, "कशापायी जाताय त्या चढाला? खाली न्हाई का जिमीन?"

नाना म्हणाले, "चढ चढला पायजे."

"का पन?"

"चढला पायजे."

एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने पेडल दाबून बघितलं, कान लावला आणि सांगितलं की गिअरपेटी आतून गेली. नवी पेटी मिळणं अवघड आहे, सुटे भाग काढून विकून टाका. तो गेल्यावर नाना शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेलो, तर ते बॉनेटजवळ वाकून ट्रॅक्टरला हलक्या आवाजात सांगत होते, "त्याचं नगं ऐकू."

मग त्यांनी स्वतः तपासणी मांडली. चढणीची एक खेप मारायची, ट्रॅक्टर आणून उभा करायचा आणि पुढून मागे हात फिरवत जायचं. "इंजनाला ताप न्हाई. चाकाला न्हाई. ह्या पेटीला हाय. पर पेटी वाईट असती तर सकाळच्या पारी गार असताना बी रडली असती. गार असली की पळतीया. म्हंजी तिला वारा मिळंना."

मी इंटरनेटवर शोधलं. अशा ट्रॅक्टरच्या गिअरपेटीपाशी, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर, ताटलीएवढा एक प्लास्टिकचा पंखा असतो. दांडा फिरला की पंखा फिरतो आणि पेटीवर वारा मारतो. तेल त्यामुळे गार राहतं, नाहीतर तापून पातळ होतं आणि चाकं ढकलायचा त्याचा जोर जातो. मी मोबाईल एका काठीला बांधला, ट्रॅक्टरखाली सरकवला आणि फोटो काढला. फोटोत पंखा असा नव्हताच. मधला गोल होता आणि त्याला पात्यांची दोन थोटकं. आजूबाजूला वाळक्या गवताचा बोळा कोंबलेला. ताडपत्रीखाली असताना उंदरांनी तिथे घर केलं होतं, आणि ट्रॅक्टर सुरू झाल्यावर त्या बोळ्यात अडकून पाती मोडली होती.

नानांनी फोटो मोठा करून बघितला. "वारा मिळंना," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नवा पंखा मागवायचं माझ्याकडे आलं. ट्रॅक्टरच्या पाटीवरचा क्रमांक उतरवून मी परराज्यातला एक विक्रेता शोधला. पण यायला वेळ लागणार होता आणि नानांना धीर नव्हता. त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापला, त्याची पाती वाकवली आणि घरचा पंखा तयार केला. पत्र्याच्या दोन पट्ट्यांनी तो दांड्यावर आवळला. मी म्हटलं, "नाना, हे फार जोरात फिरतं."

"मग जोरात वारा दील."

इंजिन सुरू झालं. आधी रातकिड्यासारखा आवाज आला, मग शिट्टीसारखा, आणि मग त्या पंख्याने ट्रॅक्टरखालून बाहेर झेप घेतली. दोडक्याच्या मांडवातून आरपार जाऊन तो उकिरड्यात उभा रुतला. मी आणि नाना नशिबाने दुसऱ्या अंगाला होतो. मांडवावरून दोन दोडकी आपटली तेवढाच आवाज नंतर आला.

काकू ओट्यावरून म्हणाल्या, "दोडकी काडायला मी सांगितलं नव्हतं."

"पत्र्याचा तोल गेला," नाना म्हणाले.

"पत्र्याचा न्हवं."

त्यानंतर नानांनी टेबलफॅन आणून ट्रॅक्टरच्या मागे लावला, वायर लांबवून. पण वायर काही चढणीपर्यंत पोचेना, आणि टेबलफॅनही तापू लागला. मग मात्र ते वाट बघायला तयार झाले.

पंखा आला तो सूसला. माझ्या खात्यावर तिथल्या जुन्या सोसायटीचा पत्ता राहिला होता, तो मी बदलायला विसरलो होतो. वॉचमनने खोका सांभाळून ठेवला होता. मी तो स्कूटरवरून आणला. नाना फाटकातच उभे होते. खोक्यावर हात टेकवून म्हणाले, "गार हाय. चांगल्या मानसानं पाठवलाय."

रविवारी सकाळी कामाला बसलो. ट्रॅक्टर शेडबाहेर सपाटीला उभा केला, चाकांना पुढून मागून ओंडके लावले, बॅटरीची वायर काढली. ट्रॅक्टर रात्रभर बंदच होता, तरी नानांनी हात टेकवून खात्री केली. काकूंनी खुर्ची अंगणात आणायला लावली. म्हणाल्या, "तुमचा खेळ जवळनं बघते."

पायाखालचा पत्रा काढल्यावर आतलं सगळं दिसलं. इंजिनाकडून येणारा दांडा, त्याच्या टोकाला एक लोखंडी जोड, आणि जोडाच्या मागे मोडका पंखा. जोड सरकवल्याशिवाय पंखा निघणार नव्हता. जोडाचे बोल्ट निघाले. जोड मात्र गंजून दांड्याला चिकटलेला. डिझेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा ओढला. हलेना. मी हातोडा उचलला.

"हातोडा नगं," नाना म्हणाले. "आत बेरिंग हायेत. ठोकलं तर पेटी खरंच जाईल."

मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघून ठेवला होता. घाबरतच म्हणालो, "नाना, तो माणूस सांगतो की जोड जरा तापवायचा. लोखंड फुगतं आणि सुटतं."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गाईला विष घालायला सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "तापवा की. जल्मभर गार केलं, यकदा तापवा."

जाळ लावायला नाना तयार होईनात, शेजारी प्लास्टिक आणि डिझेल होतं. म्हणून पाणी उकळलं. जोडाला फडकं गुंडाळलं आणि मी त्यावर कढत पाणी हळूहळू ओतत राहिलो. नानांनी तोंड फिरवलं होतं. जोडाला लावलेल्या पान्ह्यावरचा हात मात्र काढला नव्हता. किटली संपत आली आणि त्यांचा हात एकदम पुढे सरकला.

"सुटला," ते म्हणाले. अगदी हळू, कुणी झोपलेलं असावं तसे.

उंदरांचं घर बाहेर काढलं. गवत, सुतळी, ताडपत्रीचे तुकडे आणि एक प्लास्टिकचा चमचा. पेटीच्या खाचांमधली माती ब्रशने झाडली. पंख्याचे तुकडे मी टाकून देणार होतो, पण काकूंनी हात पुढे केला. त्यांनी ते मांडीवर घेतले.

नवा पंखा हातात आला आणि खरी अडचण उभी राहिली. कुठली बाजू आत? उलटा बसला तर वारा पेटीवर येणार नाही. व्हिडिओत नेमक्या तिथे त्या माणसाचा हात आडवा आला होता. नाना पंखा एकदा असा, एकदा तसा धरून बघत राहिले. मी मोबाईल उलटासुलटा केला.

"हिकडं द्या," काकू म्हणाल्या.

त्यांनी मोडके तुकडे फुटक्या बशीसारखे मांडीवर जुळवले होते. "ह्यो कंगोरा बगा. ह्याच्यावर तेलकट डाग हाय, म्हंजी ह्यो पेटीच्या अंगाला हुता. दुसऱ्या अंगाला नुसती धूळ हाय. कंगोरा आत घाला. आन बोल्ट समोरासमोरचं आवळा, यका अंगानं आवळत जाऊ नगा, जोड तिरका बसतो."

मी विचारलं, "काकू, हे कसं काय माहिती तुम्हाला?"

"दळान दळताना शिकले," त्या म्हणाल्या.

नाना खाली मान घालून हसत होते.

कंगोरा आत घालून पंखा बसवला, जोड सरकवला, बोल्ट समोरासमोरचे आवळले. हाताने दांडा फिरवला. पंखा कुठेही न घासता फिरला. बॅटरीची वायर लावली आणि नानांनी किल्ली फिरवली. मी नकळत दोडक्याच्या मांडवापासून लांब झालो. पण शिट्टी नाही, रातकिडा नाही. इंजिनाच्या आवाजाखाली फक्त एक बारीक भिरभिर.

नाना चढणीला गेले. वर जाऊन आले. पुन्हा गेले. मी मागून चालत होतो आणि वळण आलं की माझे पाय आपोआप थांबत होते. ट्रॅक्टर थांबला नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी मागे एक छोटी ट्रॉली जोडून तिच्यात दगड भरले. तरी तो वळणावरून वर निघून गेला. खाली आल्यावर नानांनी गिअरपेटीवर हात ठेवला आणि इतका वेळ ठेवला, की मलाच काळजी वाटू लागली.

"कोमट," ते म्हणाले.

नानांच्या भाषेत याहून मोठी शाबासकी नाही.

त्यांनी ट्रॉली सोडवली. इंजिन मात्र बंद केलं नाही. चालू यंत्र तसंच सोडून नाना बाजूला गेलेले मी प्रथमच बघत होतो. ते शेडमध्ये गेले आणि दोन पायऱ्यांची एक लाकडी घडवंची घेऊन आले. नवी कोरी, रंधा मारलेली. ती त्यांनी ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला ठेवली, हलवून बघितली आणि मग काकूंकडे न बघता, मोहरीच्या वाफ्याकडे बघत म्हणाले, "वरच्या वावरात आंब्याला मोहोर आलाय म्हनं. बगून येतीस का?"

काकूंनी मांडीवरचे तुकडे खाली ठेवले. "मला कुटं चढवतीय ती चढन."

"तू नगं चढू. ह्यो चढंल."

काकू ट्रॅक्टरकडे बघत होत्या. आजवर 'भंगार' म्हणून ज्याच्याकडे त्यांनी धड बघितलंही नव्हतं, त्याचं त्या आता पायापासून निरीक्षण करत होत्या.

"क्लच?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"डावा पाय?"

"लांब करून ठिव. ब्रेक हाताला हाय."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. क्लच नसलेलं यंत्र, हाताचा ब्रेक, स्कूटरची मूठ, ती चढण. मी इतके दिवस या माणसाला हसत होतो आणि तो एका न वाकणाऱ्या गुडघ्याच्या मापाने ट्रॅक्टर बेतत होता.

आम्ही दोघांनी काकूंना धरून घडवंचीवर चढवलं. सीटवर बसल्याबरोबर त्यांनी आमचे हात झटकले. लुगडं खोचलं, डावा पाय फळीवर सरळ ठेवला. नानांनी तिथे आधीच रबराची पट्टी ठोकलेली होती. दांडा एकदा ओढून बघितला. दोन्ही पेडलं दाबून बघितली.

"तुमी मागं येताय?" त्यांनी विचारलं.

नानांना यायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "न्हाई," ते म्हणाले. "यकटी जा."

ट्रॅक्टर निघाला. वळणाशी काकूंनी जरासुद्धा अंग चोरलं नाही. जरा पुढे झुकल्या आणि वर गेल्या.

नाना ओट्यावर टेकले. त्यांना आता बोलायचं होतं आणि ऐकायला मी एकटाच होतो.

"मोटा ट्रॅक्टर तीच हाकायची," ते म्हणाले. "मला कुटं येत हुता? मी बॉयलरवाला. सकाळी जायाचा, राती यायाचा. शेती समदी तिनं केली. नांगरट, पेरनी, मळनी. आमच्या हिकडं पयला ट्रॅक्टर बाईनं हाकला, तो हिनं. लोक बांदावर हुबं राहून बगायचं. पाय मोडला, मग यक दिस मी आंगुळीला गेलो आन ही काठी घिऊन शेडात. वर कशी चढली कुनास ठावं. गुडघा क्लचवर दाबत हुती. वाकना. मी बगितलं आन मागल्या पावली घरात आलो. मी बगितलं ह्ये तिला ठावं न्हाई."

"म्हणून विकला?"

"डोळ्याम्होरं नगं म्हनून. तिला म्हनलं, क्लच तापतोय, इकतो. ती म्हनली, बरं झालं." नाना थांबले. "ती कदीच सादं बरं झालं म्हनत न्हाई. मला वाटलं हुतं भांडंल."

"मग हा ट्रॅक्टर त्यांच्यासाठी आणला, हे सांगायचं तरी त्यांना."

"कसं सांगायचं? सांगितलं असतं आन निम्म्या चढावर थांबला असता तर? तिचं यकदा मोडलंय, सायेब. चढ चढल्याबिगर बोलायचं न्हाई ठरवलं हुतं."

वर इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. मग तो टेकाडापलीकडे गेला, बारीक झाला, आणि थांबला.

नाना उभे राहिले. "बंद पडला."

"त्यांनी बंद केला असेल. आंबा बघत असतील."

"व्हय," नाना म्हणाले, पण बसले नाहीत. फाटकापर्यंत गेले, परत आले. चपला घातल्या, काढल्या. "जाऊ का? न्हाई नगं. गेलो तर म्हनंल, राखन करताय." पुन्हा फाटकापर्यंत गेले. मी पाणी दिलं तर तांब्या हातात धरून राहिले. वरून नुसता वारा येत होता आणि कुठेतरी टिटवी ओरडत होती. मलाही आता उगाच तो घरंगळलेला ट्रॅक्टर दिसू लागला.

मग टेकाडापलीकडे इंजिन खोकललं आणि सुरू झालं. नानांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मी पायरीवर बसलो. माझे गुडघे दुखत होते, म्हणजे मीही उभाच होतो इतका वेळ.

काकू उतरणीवरून खाली आल्या. सावकाश, वळणावर दांड्यावर हात ठेवून. मांडीवर हरभऱ्याचे डहाळे होते आणि पदर वाऱ्याने सुटला होता. आम्हाला बघून त्यांनी ना हात केला ना हसल्या. जवळ येता येता इंजिनाच्या आवाजावरून ओरडून सांगितलं, "वरचा कुंपनाचा खांब पडलाय. गुरं शिरत्यात. उद्या मला पहार आन कुदळ काडून ठिवा."

"ठिवतो," नाना म्हणाले.

शेडचं दार अरुंद आहे. नाना लगबगीने पुढे गेले आणि दारात उभं राहून दोन्ही हातांनी खुणा करू लागले, "यिऊ द्या. यिऊ द्या. डाव्या अंगानं जरा."

काकूंनी ट्रॅक्टर थांबवला.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला."

नाना बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून. ट्रॅक्टर त्यांच्या समोरून, दोन्हीकडे सारखी जागा सोडत, सरळ आत गेला. नानांच्या तोंडातून आवाज येत नव्हता. ओठ मात्र हलत होते, यिऊ द्या, यिऊ द्या.